पियानोच्या पाठीवरच्या रेघा

शनिवारी कचेरी सुटल्यावर श्रीपादपंत घरी न जाता तळ्याच्या कडेने बस्त्यावकडे गेले. बस्त्याव चर्चमध्ये ऑर्गन वाजवी आणि ठाण्यातल्या साहेबलोकांचे पियानो सुरात लावून देई. पंतांना पियानो सुरात लावायचा नव्हता. तो किती जुना, कुठला आणि मुख्य म्हणजे मुळात कुणाचा, एवढंच कळायला हवं होतं.

पियानो मामांकडून वारशाने आला होता. मामा कल्याणला रेल्वेच्या एका इंजिनियरच्या हाताखाली कारकून होते. त्या साहेबाची मडम विलायतेला परतताना तो मामांच्या घरी ठेवून गेली. वीस वर्षं तिथे त्याला कुणी हात लावला नाही. मामा वारले, तेव्हा तो पडावात घालून खाडीने ठाण्याला आणला आणि पंतांच्या माजघरात भिंतीशी उभा केला. आठवड्याभरात दिवेलागणीला त्यातून आवाज येऊ लागला. एकच सूर, बारीक, उजव्या टोकाचा. थोडं थांबून पुन्हा तोच.

पंतांच्या अंगात त्या वेळी त्राण नसे. दिवसभर दप्तरं उपसून डोळे चुरचुरत. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात ते आणि धाकटी बहीण मंदाकिनी. अकराव्या वर्षी विधवा होऊन परतलेली मंदाकिनी आता चाळिशीला टेकली होती. उंदीर असतील, असं पंतांनी तिला सांगून पाहिलं. पण हल्ली तिन्हीसांजेला ती माजघरातून हलत नसे, जेवणही निम्म्यावर आलं होतं. वैद्यांना नाडीत काही सापडलं नाही.

रविवारी दुपारी बस्त्याव आला. झाकण उचलून त्याने आत कोरलेला आकडा वाचला, खिशातल्या चोपडीशी ताडला आणि पियानो लंडनचा, अठराशे सत्तेचाळीस सालचा असल्याचं सांगितलं. पायांवरचे पांढरे ओघळ समुद्राच्या पाण्याचे होते. मग दोघांनी मिळून तो भिंतीपासून ओढला.

मागच्या फळीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या आणि प्रत्येकीशेजारी साल. कुणीतरी मुलाची उंची मोजली होती. चोपन्नची रेघ खाली, पंचावन्नची जरा वर, छप्पन्नची आणखी वर. सत्तावन्नची मात्र छप्पन्नच्याच रेघेवर ओढलेली. अठ्ठावन्नचीही तिथेच. थेट त्रेसष्टपर्यंत तेच हस्ताक्षर, तीच उंची. सालं शेजारी शेजारी दाटीने लिहिली होती आणि तिथे लाकडात खाच पडली होती.

"आईचं मन..." पंत हळूच म्हणाले. "मूल गेल्यावर दर वाढदिवसाला तिथेच रेघ ओढत असेल बिचारी."

"असेल." बस्त्यावने बोट खाचेजवळ नेलं, पण टेकवलं नाही. "पण भाऊ, ही रेघ मधे वाकलीय बघा. डोक्यावरून पेन्सिल फिरवल्यावर वाकते तशी... सगळ्याच वाकल्यात."

उद्या हमाल पाठवतो, खाडीत सोडून देऊ, असं सांगून त्याने छातीवर क्रुसाची खूण केली. पंतांनी होकारार्थी मान हलवली.

दारात मंदाकिनी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"दादा, राहू दे तिला."

पंतांनी तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिने कधी लुगड्याचा रंगसुद्धा मागितला नव्हता. नाही म्हणायला, समजूत घालायला, वैद्य पुन्हा बोलवायला लागतं ते बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. हमाल नकोत, असं त्यांनी बस्त्यावला सांगितलं. तो पाणीही न पिता गेला.

सोमवारी पंत दिवेलागणीला घरी आले, तेव्हा पियानो गप्प होता. त्यांना हायसं वाटलं. पाय धुऊन त्यांनी माजघरात डोकावलं.

समईच्या उजेडात मंदाकिनी पाठमोरी बसली होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता आणि केशवपन केलेलं डोकं उघडं होतं. तिचे दोन्ही हात छातीसमोर उचललेले, एकावरून एक फिरत होते.

"हलू नको गं," ती म्हणत होती. "झालंच आता..."

"मंदा?"

तिने वळून पाहिलं. चेहऱ्यावर हसू होतं. पंतांनी ते लहानपणानंतर आजच पाहिलं. तिच्यासमोर कुणी नव्हतं.

तिच्या बोटांत वेणी होती. पिंगट केसांची, हातभर लांब. वेणीचं वरचं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं, तरी ती खाली पडत नव्हती. ती ताणलेली होती.