मधल्या ओळीतलं नाव

पंचांगातल्या सातव्या, पितरांच्या महिन्यातल्या एका उकाड्याच्या दुपारी मो चुआन ओल शोषून घेणाऱ्या पुड्या विकत आणायला बाहेर पडला होता. तो जिथे गाणी रेकॉर्ड करायचा त्या भुयाराच्या भिंती बाराही महिने पाझरायच्या आणि गिटारचं लाकूड फुगायचं. युद्धाच्या दिवसांत विमानांपासून लपायला डोंगराच्या पोटात खोदलेलं ते भुयार. चोंगचिंगमध्ये अशी भुयारं गल्लोगल्ली आहेत. कुणी त्यात दारू साठवतं, कुणी खानावळ काढतं. चुआनने एक कोपरा भाड्याने घेतला होता, कारण तिथे बाहेरचा आवाज आत येत नसे. आतला आवाज बाहेर कितपत पोचतो, हा वेगळा प्रश्न होता. तो आपली गाणी इंटरनेटवर टाकायचा, आणि ती ऐकणारी माणसं एका रिक्षात मावली असती.

वाटेत तो गोंगच्या नूडल्सच्या टपरीवर टेकला. तिथे लानचं गाणं लागलेलं होतं. नेहमीसारखंच.

"दुसरं काही लाव की," चुआन म्हणाला.

"तुझं लावू?" जाड्या गोंगने झारा हलवत विचारलं. "परवा लावलं होतं. गिऱ्हाईक म्हणालं, आधी मिरची कमी कर, मग ते गाणं बंद कर."

"यातली गिटार माझीच आहे, गोंग."

"असेल बाबा. पण माणसं गिटार ऐकायला थांबत नाहीत. ती बघ, ती म्हातारीसुद्धा डोळे पुसतेय."

चुआनने वाटीत मान घातली. श्यांग लान आणि तो सहा-सात वर्षं एकत्र वाजवत होते. ती गायची, तो वाजवायचा, आणि दोघांना मिळून कोणी विचारत नव्हतं, तोवर सगळं छान चाललं होतं. गेल्या थंडीत लान स्कूटरवरून पडून वारली. महिनाभरात कुणीतरी तिचं एक गाणं कुठल्याशा व्हिडिओला जोडलं आणि बघता बघता अख्खा देश तिच्यासाठी रडायला लागला. गाणी तिच्या खात्यावर होती. नाव तिचं एकटीचं होतं. चुआनचं नाव टाकायचं राहिलंय हे दोघांपैकी कुणाच्या कधी लक्षातही आलं नव्हतं, कारण ते वाचणारं कोणी नव्हतं. आता वाचणारे लाखो होते आणि टाकणारी नव्हती.

मेलेल्या मैत्रिणीचा हेवा करणं बरं नव्हे, हे त्याला कळत होतं. तो स्वतःला ते पुन्हापुन्हा बजावायचाही. पण तिचा आवाज कानावर पडला की तो तिच्या गाण्याचा आकडा उघडून बघायचा.

तेवढ्यात लानच्या आईचा, तिआन मावशीचा फोन आला. पाकिटं लिहायला येशील का, म्हणून.

मावशीच्या घरात उदबत्तीचा आणि मुगाच्या सुपाचा वास कोंडलेला होता. टेबलावर लानला पोचवायला जाळायची कागदाची गिटार ठेवली होती, कागदाचा माईक, नोटांच्या गड्ड्या आणि पांढऱ्या कागदाची मोठी पाकिटं. भिंतीपाशी लानचा फोटो, आणि फोटोसमोर तिचा फोन चार्जिंगला लावलेला. तो सारखा उजळत होता.

"बंद नाही करवत," मावशी म्हणाल्या. "कोण कोण तिला लिहीत असतं. मला वाचता येत नाही आता, डोळे अधू झालेत. पण उजळला की वाटतं, आहे कुणीतरी." मग त्यांनी दौत पुढे सरकवली. "पहिलं वर्ष आहे रे तिचं. बाजारातल्या माणसाकडून लिहून घ्यायला जीव होईना. तू लिही. तुझ्याएवढं तिचं जवळचं कोण होतं?"

"लिहितो, मावशी."

"मधल्या उभ्या ओळीत घेणाऱ्याचं नाव, मोठ्या अक्षरांत. डावीकडे देणाऱ्याचं, बारीक. आणि लक्ष दे, लेका. मधल्या ओळीत ज्याचं नाव, त्यालाच पोचतं. मागे पलीकडच्या बाईने गडबड केली, तर सासऱ्यांचा कोट तिकडे भलताच कुणीतरी घालून हिंडत होता म्हणे."

त्या हसल्या आणि सूप आणायला आत गेल्या. चुआनने कुंचला शाईत बुडवला. लहानपणापासून आजोबांच्या शेजारी बसून त्याने अशी पाकिटं लिहिलेली होती. नोटांची पाकिटं सरळ झाली. राहिलं ते गिटारचं मोठं पाकीट. समोर लानचा फोन उजळला, विझला, पुन्हा उजळला. हिला आता गिटारसुद्धा, चुआनच्या मनात आलं. जन्मात कधी तार छेडली नाही हिने... आणि आता तिकडेही...

मावशी परतल्या तेव्हा शाई वाळत आली होती.

"नीट लिहिलंस ना?"

"हो, मावशी."

दिवस मावळताना दोघं नदीच्या पायऱ्यांवर उतरले. खालपासून वरपर्यंत पायरीपायरीवर लोकांनी खडूने गोल आखले होते, आणि प्रत्येक गोलात एक छोटी आग होती. नदीवर धूर खाली बसला होता. मावशींनी आपला गोल आखला, पाकिटं पेटवली, आणि बारीक आवाजात लेकीला सांगत राहिल्या, घे गं, जपून घे, भिजू देऊ नकोस.

कागदाची गिटार पेटली तेव्हा वास कागदाचा आला नाही. तापलेल्या तारांचा आला, आणि जुन्या लाकडावरच्या पॉलिशचा. चुआन दचकून वाकला. पाकिटाचा वरचा कागद आगीत वळत होता, आणि मधल्या ओळीतली मोठी काळी अक्षरं जळण्याआधी क्षणभर लखलखीत दिसली.

मो चुआन.

डावीकडे बारीक अक्षरांत, देणाऱ्याच्या जागी, लान.

हात चुकला होता का? त्याने आठवून पाहिलं. कुंचला उचलल्याचं आठवत होतं, ठेवल्याचं आठवत होतं. मधलं काही आठवत नव्हतं. त्याने मावशींकडे पाहिलं. त्या धुराने डोळे चोळत होत्या. त्याने काडीने उरलेला कागद आगीत लोटला.

दुसऱ्या दिवशी भुयारात शिरताना त्याला जरा बरं वाटलं. लोखंडी दार ओढलं की शहर संपायचं. आत थंडावा, मातीचा वास, आणि खोल कुठेतरी ठिबकणारं पाणी. त्याने एक जुनंच गाणं गायलं. एका दमात झालं. इंटरनेटवर टाकलं आणि सवयीने फोन पालथा ठेवला.

थोड्या वेळाने उलटा केला, तर ऐकणाऱ्यांचा आकडा चढत होता.

तो चढतच राहिला. टपरीभर, गल्लीभर, मग गावभर माणसं. खाली अभिप्राय येत होते. 'आणखी एकदा.' 'फार दिवसांनी काहीतरी ऐकू आलं.' 'इथे सगळ्यांना बोलावलंय.' लिहिणाऱ्यांचे फोटो मात्र सगळे एकसारखे वाटत होते. समोरून काढलेले, काळेपांढरे, कोणीच हसत नसलेले. चुआनने त्याचा विचार केला नाही. त्याने लानच्या गाण्याचा आकडा उघडून शेजारी धरला. संध्याकाळपर्यंत तो तिच्या पुढे गेला, आणि भुयारात एकट्याने उभं राहून तो मोठ्याने हसला. हसू भिंतींवरून परत आलं ते किंचित उशिरा.

तो पळतच टपरीवर गेला. "लाव आता! माझं लाव!"

गोंगने हात पुसले, फोनवर शोधलं, लावलं. दोघं ऐकत राहिले. कढईचा आवाज येत होता, रस्त्याचा येत होता.

"काय आहे रे हे?" गोंग म्हणाला. "नुसतं पाणी ठिबकतंय."

"नीट ऐक."

"ऐकतोय ना. ठिप... ठिप... नळ रेकॉर्ड केलास का? आणि ऐकणारं कुणी नाही म्हणतंय इथे. शून्य."

चुआनने आपला फोन त्याच्यासमोर धरला. गोंगने डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, "कोरा आहे, चुआन. झोपतोस ना रे नीट? बस, खा काहीतरी."

जळतोय माझ्यावर, चुआनला वाटलं. त्या विचाराने त्याला काय आनंद झाला! इतक्या वर्षांत त्याच्यावर जळावं असं कुणालाच वाटलं नव्हतं.

त्यानंतर तो भुयारातून फारसा बाहेर आलाच नाही. गायचा, टाकायचा, आकडा बघायचा. पुड्या भराभर भिजत होत्या, पण गिटार फुगत नव्हती. उलट तिचा आवाज दिवसेंदिवस कोरडा, हलका होत चालला होता, आणि तारांखाली बोटांना काही टोचत नव्हतं.

पंधराव्या तिथीला, भर दुपारी, कुणीतरी लोखंडी दार वाजवलं. तिआन मावशी होत्या. इतक्या पायऱ्या चढून आल्याने त्यांना दम लागला होता.

"लान स्वप्नात आली," त्या दारातूनच म्हणाल्या. "तीन वेळा आली. हात रिकामे. म्हणते, आई, नोटा मिळाल्या, गिटार कुणी नेली?"

चुआनने हातातली गिटार भिंतीला टेकवून ठेवली.

"मी रागवायला नाही आले, लेका. खरं सांग. काय लिहिलंस?"

"चुकलं, मावशी... माझंच नाव पडलं मधे."

मावशींनी भिंतीचा आधार घेतला. भिंत ओली होती. त्यांनी हात झटकन काढून घेतला. "जिवंत माणसाचं नाव... अरे, ते तुला तिकडे शोधायला लागले असतील. पाकिटं जाळायचा आज शेवटचा दिवस आहे. मी नवी कागदी गिटार आणून ठेवलीय. ऊन आहे तोवर ये, तुझ्या हाताने लिही. गिटार लानच्या नावाने, आणि वेगळ्या कागदावर लिही की मागच्या वेळी चूक झाली, मी इथलाच आहे. येशील ना?"

"येतो."

"नक्की?"

"हे एवढं गाणं संपवून येतो, मावशी. तुम्ही व्हा पुढे."

त्या गेल्या. त्याला खरंच जायचं होतं. पण फोन उजळला. 'थांबलात का?' कुणीतरी लिहिलं होतं. त्याच्याखाली दुसऱ्याने, 'आम्ही सगळे थांबलो आहोत.' आणि आकडा असा होता की असा त्याने कुणाचाच पाहिला नव्हता. आपण ती ओळ लिहिली की हे सगळे उठून लानकडे जातील, त्याच्या मनात आलं. पुन्हा तिच्याकडेच. सगळं नेहमी तिच्याचकडे. एक गाणं, तो म्हणाला, आणि गिटार मांडीवर घेतली.

भुयारात ऊन कळत नाही.

तो बाहेर आला तेव्हा सकाळ होती. नदीच्या पायऱ्यांवर माणूस नव्हता, आगी विझल्या होत्या, पुसट खडूच्या गोलांमध्ये राख तेवढी होती. सगळ्यात खालच्या पायरीवर तिआन मावशी एकट्याच बसल्या होत्या.

"खूप वाट पाहिली रे," त्या वळून न बघता म्हणाल्या. "दार वाजवलं, फोन केले. शेवटी लोक उठायला लागले तेव्हा मीच लिहिलं. दिसत नव्हतं, पण लिहिलं."

"काय लिहिलंत?"

"तुझ्या नावावर गेलेलं परत मागता येत नाही. मग नव्या गिटारच्या पाकिटावर दोघांची नावं घातली, मधल्या ओळीत, शेजारी शेजारी." त्यांचा आवाज फाटला. "म्हटलं, आता भांडू नका. वाटून घ्या... मी चुकीचं केलं का, चुआन? माझी पोर रिकाम्या हाताने उभी होती रे."

चुआन वळून पायऱ्या चढू लागला. गोंगची टपरी उघडली होती, म्हणून पाय आपोआप तिकडे वळले. बाकावर बसून त्याने फोन उघडला. त्याची सगळी गाणी कोरी पडली होती. आकडा नव्हता, अभिप्राय नव्हता. लानच्या खात्यावर मात्र एक नवं गाणं होतं.

ती गात होती. त्याने कधीच न ऐकलेलं काहीतरी. आणि मागे गिटार होती, त्याचीच, त्याच्या अंगठ्याची ती आळशी ओढ कुठेही ओळखता आली असती. ऐकणारे अगणित होते. खाली प्रथमच नावं होती, दोन. गायिका श्यांग लान. गिटार मो चुआन.

आधी त्याला आनंदच झाला. लख्ख, लहान मुलासारखा आनंद. नंतर त्याला दिसलं की दोन्ही नावांभोवती बारीक काळी चौकट आहे. गेलेल्या माणसाचं नाव छापताना काढतात तशी.

"गोंग," तो हळूच म्हणाला. "तू... लानच्या नव्या गाण्याखाली काही लिहिलंस का?"

"कुठलं नवं गाणं? माझा फोन कालपासून दुरुस्तीला पडलाय," गोंग म्हणाला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते. "आणि असा बघतोस काय माझ्याकडे? नेहमीचीच वाटी देऊ ना?"

चुआनने पुन्हा फोनकडे पाहिलं. काळ्या चौकटीखाली, सगळ्यात वर, झारा हातात धरलेल्या गोंगचा ओळखीचा फोटो होता आणि त्याच्या शेजारी नुकतेच उमटलेले शब्द.

'चुआन, तुझी वाटी अजून त्याच बाकावर ठेवतो. गिऱ्हाइकांना तिथे बसू देत नाही.'