राहिलेलं उत्तर

ईस्टरच्या दिवशी गुरिया प्रांतातल्या त्या गावात डॉक्टर नातेलाला उसंत म्हणून नसे. मातीने ठासून भरलेल्या, वाइन पाजलेल्या एका चेंडूसाठी वरची आळी आणि खालची आळी दिवसभर झोंबत राहायची. जिंकणारे तो जड चेंडू नेऊन वर्षभरात गेलेल्या आपल्या माणसाच्या कबरीवर ठेवत. यंदा वरची आळी जिंकली तर तो ओतारच्या कबरीवर जायचा होता.

गेल्या ईस्टरला ओतारच्या डोक्याला मार लागला होता. "कात्री, मेंढी, चंद्र. लक्षात ठेव, थोड्या वेळाने विचारते," नातेलाने सांगितलं होतं.

"उद्या सांगतो, डॉक्टरीणबाई. माझं डोकं दगडाचं आहे," म्हणत तो मित्रांबरोबर प्यायला गेला. झोपला तो उठलाच नाही.

म्हणूनच यंदा तिच्या स्वतःच्या धाकट्या भावाच्या, वाजाच्या डोक्याला कुणाचं तरी कोपर लागलं, तेव्हा तिने त्याला दवाखान्यातून हलूच दिलं नाही. डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं.

"अक्रोड, शिडी, घंटा. लक्षात ठेव."

"आधी एक पेला दे ना, ताई."

"थोबाड फोडीन."

बाहेर आरोळी उठली. चेंडू ओतारच्या कबरीवर पोचला होता. इकडे वाजाने छाती धरली.

"ताई, हे वजन काढ."

छातीवर काहीच नव्हतं. शर्ट मात्र ओला झाला होता आणि त्याला माती-वाइनचा वास येत होता. त्याचा श्वास खुंटत चालला. बोलावलेली रुग्णवाहिका अजून घाटापलीकडे होती.

"चेंडू काढ ना गं," तो पुटपुटला.

नातेला भुताखेतांना भीक घालणारी नव्हती. पण पाठचा भाऊ डोळ्यांदेखत जात होता. शेजारणीला त्याच्यापाशी बसवून ती धावत सुटली.

कबरीवरचा चेंडू कुणी कधी हलवत नसे. बायका नको नको म्हणत असताना तिने तो दोन्ही हातांनी खाली लोटला. खालची माती कोमट लागली.

ती परतली तेव्हा वाजा उठून बसला होता. श्वास संथ चालला होता. शेजारीण भिंतीला टेकून उभी होती.

"आज काय आहे?"

"ईस्टर."

"कुठे आहेस?"

"दवाखान्यात."

नातेलाला रडूच फुटलं. डोळे पुसत तिने सवयीने विचारलं, "आणि ते तीन शब्द?"

तो जरासा हसला.

"कात्री, मेंढी, चंद्र. बरोबर ना, डॉक्टरीणबाई?"