भिंतीतल्या पलंगाचं दार

"नको! मरीनस, ते दार लावू नकोस रे!"

क्रिनाच्या किंकाळीने मरीनसच्या हातातला कॅमेरा पडता पडता राहिला.

"अगं ताई, पुस्तकासाठी फोटो काढतोय नुसते," तो तुटकपणे म्हणाला. "चित्रं काढणारीला पाठवायचेत. तुला बघायला बोलावलं, किंचाळायला नव्हे."

ताई! किती वर्षांनी ही हाक आली... अन् तीही टाकून बोलण्यासाठी!

मरीनसची इतिहासाची पुस्तकं समुद्रकाठच्या झीलंड प्रांतातली पोरं अधाशासारखी वाचायची. त्याची रीतच तशी होती. जे लिहायचं ते आधी हातांनी उभं करायचं, मग ते गलबताचं सुकाणू असो की पवनचक्कीचं जातं. आताचं पुस्तक एकोणीसशे त्रेपन्न सालच्या महापुराचं, म्हणजे त्यांच्याच घराचं होतं. त्यासाठी कोठारात त्याने जुन्या घरातला भिंतीतला पलंग उभारला होता, कपाटासारखा. दार मात्र तेच होतं, बाबांनी पुरानंतर जपून ठेवलेलं.

त्या रात्री धाकटा भाऊ पीर त्या पलंगात निजला होता. समुद्राचा बांध फुटला, खोलीत पाणी भरलं, अन् बाहेरून खिटी लावलेलं ते दार पाण्याच्या दाबाने काही केल्या उघडेना. माळ्यावर चढल्यावर बाबांनी विचारलं, "दार कुणी लावलं?" तेव्हा सात वर्षांची क्रिना म्हणाली होती, "मी."

संपलं! बाबा मरेपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. मरीनसच्या वाढदिवसाला सगळं गाव गोल करून कॉफी पीत बसायचं, त्या गोलात तिची खुर्ची नसायची. लग्न न करता तिने जन्मभर आईचं केलं. तिच्या घरात एकाही कपाटाला दार नव्हतं, पडदे होते... तरी लाकडावरची पीरची ती इवली टकटक तिला ऐकू यायचीच! आणि आता ते "मी" छापलं जाणार होतं, शाळाशाळांतून पोरं तिच्या नावावर बोट ठेवणार होती.

"फेम्के, आता तू क्रिनाआजी हो," मरीनसने नातीला सांगितलं. तीही सातच वर्षांची. "दार लोट अन् खिटी फिरव."

फेम्के चवड्यांवर उभी राहिली. मग तिने उडीही मारली.

"आजोबा, तुमची खिटी चुकलीय! केवढ्या वर लावलीत! हात कुठे पुरतोय?"

"चुकेल कशी? बाबांनीच ठोकलेली आहे ती..." मरीनस बोलता बोलता थांबला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई... तुझा हात कसा पुरला?"

"खुर्चीवर चढले असेन."

"शनिवार होता, ताई! फरशी घासून आईने खुर्च्या टेबलावर उलट्या ठेवल्या होत्या. मी स्वतः लिहिलंय ते पुस्तकात!"

क्रिनाने दाराकडे पाठ फिरवली.

"मग... आईने?"

"वारा फार होता रे. पीर खोकत होता. बाबांनी विचारलं तेव्हा आई माळ्याच्या खिडकीतून पाण्याकडे बघत होती... मी बोलले नसते, तर तिने उडी घेतली असती!"

मरीनसने तिचे दोन्ही हात आपल्या डोळ्यांवर दाबून धरले. "गावोगावच्या पोरांना खरा इतिहास सांगत सुटलो मी, अन् माझ्या घरात... ताई, मला मार गं! आता काय लिहू?"

"लिही, की बाळाला थंडी लागू नये म्हणून मायेने दार लावलं होतं. ते खोटं नाही ना?"

त्याने मान डोलावली.

एवढ्यात टक् टक् टक्... लाकडावर आवाज झाला! क्रिना शहारली. हाच, हाच तो आवाज!

"क्रिनाआजी, मी दार ओढून आत बसलेय! उघड ना!" फेम्के आतून खिदळत होती.

क्रिनाने खिटीकडे हात वर केला. आता तो पुरत होता, अन् खिटी मोकळीच होती. तिने दार ओढलं... आणि ते उघडलं.