दाबकान

दाबकान आला आणि वैमानिकांत दोनच जाती उरल्या: कानवाले आणि काटेवाले. कॅप्टन सुलक्षणा दातीर काटेवाली, उंचीमापकाचा काटा बघून उडवणारी. तिच्या शरीराने दाबकान दोनदा झिडकारला होता. शेजारी बसलेल्या सहवैमानिक निरंजन पावराच्या कानामागे मात्र तो तांदळाएवढा कण झकास रुजला. हवेचा दाब मोजून तो थेट मेंदूला उंची कळवायचा. तुम्हाआम्हाला भूक कळते, तशी निरंजनला उंची कळायची. कंपनीने लगेच विमानांतले धोक्याचे भोंगे काढून टाकले. स्वस्तात काम!

"मॅडम, डोळे मिटून उतरवू?" निरंजन हसला. हेडफोन त्याने गळ्यात अडकवला होता.

सुलक्षणाचा नुसता जळफळाट झाला. तिने जन्म घालवून कमावलेलं या पोराला एका टोचणीत मिळालं होतं.

पण कान असो की काटा, हवा रोज बदलते. उंचावर सगळी विमानं एकच दाब धरतात, एक हजार तेरा मिलिबार. सगळेच सारखे चुकले की कुणी कुणावर आदळत नाही. उतरताना मात्र ठरावीक पातळीखाली गेलं की खालच्या विमानतळाचा त्या वेळचा दाब लावायचा. एकाने आकडा मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याने तो परत म्हणायचा. म्हटला की दाबकानही जुळायचा.

किनाऱ्यावर वादळ होतं. टॉवरने सांगितलं, नऊशे ब्याण्णव. हेडफोन गळ्यात असलेल्या निरंजनला ते ऐकूच गेलं नाही.

तिने आपला काटा जुळवला. आकडा मात्र गिळला. विचार की तुझ्या कानाला!

निरंजनचा कान एक हजार तेरावरच राहिला. विमान होतं त्याहून सहाशे फूट वर असल्याचं त्याचं अंग सांगत होतं.

"अजून बरीच उंची आहे," म्हणत तो ढगातून खाली येत राहिला.

तिला काट्यावर खरी उंची दिसत होती. पण त्याला तोंडावर पडलेलं तिला बघायचं होतं. एक क्षण. आणखी एक. मग ढग फाटले आणि समोर माडांचे शेंडे!

"सोड!" तिने विमान वर खेचलं. दुसऱ्या फेरीत तिनेच उतरवलं.

विमानातून उतरताना शिडीच्या शेवटच्या पायरीवर निरंजन थिजला.

"नऊशे ब्याण्णव म्हण, बाबा," ती म्हणाली. त्याने म्हटलं. पाय उचलेना.

दाबकान बसवणारे डॉक्टर इनामदार धावत आले. यंत्र लावून बघितलं. "कान जुळलाय. मेंदू जुळत नाही. मरणाच्या भीतीत झालेली सहाशे फुटांची चूक त्याने पक्की धरलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे आत्ता तो सहाशे फुटांवर उभा आहे. कदाचित जन्मभर राहील."

"मॅडम, हात सोडू नका," निरंजन कुजबुजला.

तिने हात घट्ट धरला. लाज वाटायला हवी होती. वाटला तो हेवाच: जमिनीवर येऊनही हा अजून उडतोच आहे.