मागून, डावीकडून

सांगतो ते कुणालाही पटणार नाही. आणि ज्याला पटेल, त्याला पुढच्या रविवारी दुपारी डुलकी लागायची नाही. पण घडलंय ते खरं.

माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा. वय पंचावन्न, हौस पंधराची. थापा अशा रंगवायचा की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हावा. म्हणून सगळे त्याला थापाड्याच म्हणत.

काम मोठं गमतीचं. हेडफोन लावून गेम खेळायचे आणि कुठल्या सराउंड सेटिंगमध्ये शत्रूची पावलं नेमकी कुठून ऐकू येतात, ते लिहून द्यायचं. कानांवर वाट्या दोनच... पण सेटिंग चालू केलं की आवाज बाजूनं, मागून, कुठूनही आल्यासारखा वाटतो.

घरात तो, थोरला भाऊ आणि वहिनी. भाऊ वर्षभर अंथरुणाला खिळलेला. हाक मारायचंही त्राण नव्हतं. काही हवं असलं की चमचा वाजवून बोलवायचा.

एका दुपारी, वहिनी कामावर असताना, भाऊ गेला.

"मी औषध आणायला बाहेर पडलो होतो," थापाड्यानं सांगितलं.

ती थाप होती. तो शेजारच्याच खोलीत होता.

हेडफोन लावून.

आजवर शेकड्यांनी थापा पचवल्या त्यानं. ही एकच घशात अडकली. वहिनी ताट वाढायला लागल्या की ह्याची मान खाली.

दोन महिने गेले. रविवारची दुपार. तो तीन सराउंडची तुलना करायला बसला. पद्धत ठरलेली. गेममधलं एक रिकामं गोदाम, त्यात गोल फिरणारा पहारेकरी. आवाज जिथून येईल, तिथं कागदावर फुली.

पहिलं सेटिंग. पावलं... आणि पावलांच्या आड...

खण्. खण्.

मागून, डावीकडून. गेममधलंच काहीतरी असेल, म्हणून त्यानं फुली मारली.

दुसरं सेटिंग. पहारेकरी थांबला. खण् काही थांबेना. फुली तिथंच.

तिसरं. आता आवाज थेट मानेशी...

त्यानं सराउंड बंदच करून टाकलं. साध्या आवाजात फक्त डावं-उजवं कळतं. मागचं काही कळत नाही.

खण्. खण्.

मागूनच.

त्यानं वायर उपसली.

खण्.

मागे डावीकडे भिंत होती. भिंतीपलीकडे भावाची रिकामी खाट.

तो धडपडत बाहेर आला. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"काय हो भावजी, भूत पाहिलंत की काय?"

"पाहिलं नाही, ऐकलं!"

"झालं! आता ह्याचीही गोष्ट रंगवा."

"वहिनी, शपथ! दादाच होता. लोखंडावर चमचा आपटावा तसा आवाज. अगदी त्या दिवशीसारखा..."

वहिनींचे हात थांबले.

"हे पेल्यावर वाजवायचे, भावजी. वर्षभर पेल्यावरच. त्या दिवशी सकाळी मी पेला घासायला नेला आणि परत ठेवायला विसरले. खाटेच्या लोखंडी कठड्याचा रंग उडालेला दिसला, तेव्हा कळलं मला. कुणाला बोलले नाही. रोज खातंय ते मला."

"मी तर औषध आणायला..." थापाड्यानं तोंड उघडलं.

"तुम्ही घरातच होतात," वहिनी म्हणाल्या. "आणि तुम्हाला ऐकू येत होतं."