कागदावरची कोरी जागा

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण जिच्याबाबतीत हे घडलं ती प्रज्ञा आजही धुळ्यात शाळेत चित्रकला शिकवते, आणि ती काही थापा मारणाऱ्यातली नाही.

सप्टेंबर २०२३. रविवार. पिंपळनेरच्या पुढे, वनखात्याच्या जंगलातला एक तलाव आणि त्याच्या वरच्या अंगाला धबधबा.

रात्र नव्हती. भरदुपार होती.

दोन वर्षांपूर्वी त्याच तलावात तिचा धाकटा भाऊ प्रशील बुडाला होता. पट्टीचा पोहणारा पोरगा! चार दिवस शोधलं. देह सापडला नाही.

देह नाही, म्हणून आई, लिलाबाई, तो गेला हे मानायलाच तयार नव्हती. गेलेल्या माणसासाठी करतात तो पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करू देईना. रोज संध्याकाळी पोराचं ताट वाढायची आणि स्वतः उपाशी त्याच्यासमोर बसायची. बाई अर्धी झाली होती.

एक दिवस तीच म्हणाली, "माले ती जागा दखाड. मन्हाघाई चालायस नही. तू चित्र काढी आन."

आईला तिथवर चालवणार नव्हतं. जागेचं चित्र पाहून तरी ती मानेल, म्हणून प्रज्ञा एकटीच गेली.

ती जलरंगात काम करते. त्यात पांढरा रंग सहसा लावत नाहीत. उजेड, फेस, पाण्याची धार... तिथे कागद कोरा सोडायचा. प्रशील चिडवायचा, "ताई, रंग वाचवतेस का गं?"

कोऱ्या जागेवर एकदा रंग गेला की गेला. ते पांढरं परत मिळत नाही.

पहिलं चित्र तलावाचं. काठच्या खडकाला तिने काळपट रंग दिला. वाळल्यावर पाहते तर...

खडकावर नखाएवढी जागा कोरी.

सुटली असेल, तिला वाटलं.

दुसरं चित्र वाटेवरून. आता कोरी जागा बोटाएवढी. तिने कुंचला फिरवला, पण रंग तिथे बसेना. दोन्ही बाजूंना ओघळून जाई.

तिसरं चित्र धबधब्यासमोर.

अचानक पाखरं गप्प झाली. आणि मग...

धबधब्याचा आवाजही थांबला.

पाणी समोर कोसळत होतं. आवाज मात्र नव्हता.

तिने कागदाकडे पाहिलं. धबधब्याजवळच्या खडकावर तळहाताएवढी कोरी आकृती. गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. डावा खांदा जरा खाली.

लहानपणी झाडावरून पडल्यापासून प्रशीलचा खांदा तसाच होता.

तिने मान वर केली. समोरचा खडक रिकामा.

आणि अगदी कानाशी...

"ताई."

प्रज्ञाच्या अंगावर सरसरून काटा आला. तिला वळवेना. कुंचल्यात होता तो गडद हिरवा रंग तिने त्या आकृतीवर फासला.

या वेळी रंग बसला. लगेच.

धबधबा पुन्हा ऐकू येऊ लागला.

घरी तिने आईला नुसती चित्रं दिली. एक अक्षर बोलली नाही. आईने पहिली दोन बाजूला ठेवली. तिसऱ्यावरून बोट फिरवत नेलं, आणि ते बोट...

बरोबर त्या हिरव्यावर थांबलं.

"आठे बसेल व्हता ना तो? काबरं झाकं त्याले?"

प्रज्ञाला रडू फुटलं. "आई, मी घाबरले गं!"

"जाऊ दे बेटा. त्याले समजस."

दोन वर्षांत आई पहिल्यांदा रडली. पोटभर रडली. त्या संध्याकाळी ताट वाढलं नाही, आणि पुढच्या रविवारी कार्यक्रमही झाला. आई आता चार घास खाते.

सावरली नाही ती प्रज्ञा.

आईला हे कसं कळलं, ते तिने आजवर विचारलेलं नाही. भाऊ भेटायला आला आणि मीच त्याला पुसलं, हे तिच्या मनातून जात नाही.

त्यानंतर ती चारदा तिथे जाऊन आली. त्याच जागी बसते. हाक आली तर वळायचं, असं ठरवून बसते. संध्याकाळपर्यंत चित्र काढते.

पण आता रंग सगळीकडे नीट बसतो.