सगळीकडे एकच पत्ता

व्यवसायाचे नाव

बाहुबली पैंजण भांडार. हे नाव सुष्मितानं इतक्या वेळा टाइप केलं होतं की आता बोटंच ते लिहीत. डोक्याला खबर नसे. शाहूपुरीतल्या त्या ऑफिसात कामच तसलं होतं. इंटरनेटवर दुकानांच्या नावपत्त्यांच्या शेकडो डिरेक्टऱ्या असतात. माणसं त्या फारशी वाचत नाहीत. पण तिथं गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता आणि वेबसाइटची लिंक भरत गेलं, की सर्चमध्ये दुकान वर चढतं. अट एकच, मजकूर सगळीकडे तंतोतंत सारखा हवा.

"शंभर जण एकच सांगाय लागले की मशीनला खरं वाटतंय," ऑफिस चालवणारे विश्वजित सर म्हणायचे. "माणसाचं तरी काय वेगळं हाय?"

पत्ता

भांडाराचा कारखाना म्हणजे हुपरीतलं राहतं घर. पण मालकाच्या मुलाला, ऋषभला, कोल्हापुरात पैंजण शोधणाऱ्यांना दिसायचं होतं. अशा वेळी ऑफिसची एक रीत होती. शहरातली एखादी इमारत धरायची आणि शेवटच्या गाळ्याच्या पुढचा आकडा टाकायचा. तिथं कुणी नसतं, म्हणून तक्रारही कुणी करत नाही. ऑर्डर फोनवर येते, माल कुरिअरनं जातो. लक्ष्मीपुरीतल्या एका इमारतीत तळमजल्याला सहा गाळे होते.

तिनं लिहिलं, गाळा नंबर सात.

संपर्क व्यक्ती

"आण्णांचं नाव घाला," ऋषभ फोनवर म्हणाला. "म्हातारा माणूस दिसला की पावण्याला भरवसा वाटतोय."

त्यानं वडिलांचा फोटो पाठवला. चटईवर बसलेले बाहुबली आण्णा, मांडीवर पैंजण, मागं घरातलं कपाट आणि नातवाचं दप्तर. सुष्मितानं आण्णांना तिथून कापून काढलं आणि एका पांढऱ्या दुकानात बसवलं. वेळेच्या रकान्यात दहा ते नऊ टाकलं. मग डबा खाल्ला. भाजी कसली होती हे तिला नंतर आठवलं नाही.

अभिप्राय

पहिला आला तो एका मरतुकड्या डिरेक्टरीवर. *दुकान थोडं आत आहे. आजोबांनी स्वतः पैंजणं दाखवली. आत छान गारवा.*

"सर, असले खोटे अभिप्राय तुम्ही टाकताय?" सुष्मितानं विचारलं.

"मी न्हाय बा. ऋषभनंच टाकलं असतील. लई चालू पोरगं हाय ते."

तिनं ऋषभला फोन लावला.

"आम्ही कशाला टाकू, मॅडम? हितं आण्णांच्यातच जीव अडकलाय. चार हाका मारल्या तर एकदा वर बघत्यात. कान दाखवून आणलं. डॉक्टर म्हणतोय, कान चांगलं हायत."

सुष्मितानं त्या दिवशीही ठरल्याइतक्या नोंदी भरल्या. अभिप्राय येत राहिले. *आजोबा मान खाली घालून काम करतात. डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली.* फोटोत अंगठा दिसत नव्हता.

छायाचित्रे

नवे फोटो काढायचे म्हणून ती एसटीनं हुपरीला गेली. ऋषभची बायको दीपा दारातच भेटली. "या. चहा घ्या. त्यांच्या म्होरं सकाळचा तसाच हाय बघा."

आण्णा चटईवर होते. डाव्या अंगठ्याला चिंधी. त्यांनी पैंजण उचललं, तपासायला हलवलं, पुन्हा हलवलं. घुंगरू हलताना दिसत होते. आवाज येत नव्हता. शेजारच्या घरातून मात्र रेडिओ स्पष्ट ऐकू येत होता.

दीपानं तेच पैंजण त्यांच्या हातातून घेतलं. खळखळ वाजलं.

"बघितलासा?" ती हळूच म्हणाली.

आण्णांनी सुष्मिताकडं पाहिलं, अनोळखी गिऱ्हाइकाकडं पाहावं तसं.

"नऊ वाजलं का?" त्यांनी विचारलं. "बंद करायचं हाय."

बाहेर लख्ख दुपार होती. आणि त्या घराला बंद करायची वेळ कधी नव्हतीच. ती होती फक्त तिनं भरलेल्या रकान्यात.

व्यवसाय बंद झाला आहे का?

ऑफिसात परतल्यावर तिनं नोंदी उघडल्या. प्रत्येक पानाच्या तळाशी हा प्रश्न होता. पुढं दोन चौकोन, होय आणि नाही.

तिनं 'होय'वर बोट ठेवलं, आणि ती तिथंच थांबली. बंद केलं तर आण्णा घरी येतील, की कुठंच उरणार नाहीत?

तिनं ऋषभला फोन करून सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही.

"बंद करू नगा," तो म्हणाला. "पत्ता बदला. हुपरीचा घाला. माझा बाप घरात पाहिजे मला."

ती पत्ता बदलत सुटली. एका जागी बदलला की दुसरी डिरेक्टरी जुनाच उचलायची. तिनं कधी न भरलेल्या डिरेक्टऱ्यांवरही आता तो जुना पत्ता होता. स्वल्पविरामासकट.

मग उत्तरं यायला लागली. सगळी सारखी.

*आपण सुचवलेला पत्ता इतर ठिकाणच्या माहितीशी जुळत नाही. बदल नाकारला आहे.*

सद्यस्थिती

ऋषभ सकाळीच ऑफिसात आला. पायात चप्पल नव्हती.

"आण्णा न्हाईत."

"म्हणजे?"

"चटई गरम हाय. दाराला आतनं कडी तशीच हुती. आण्णा न्हाईत."

दोघं चालत लक्ष्मीपुरीत गेले.

सहा गाळे. सहाव्याच्या पुढं भिंत. भिंतीवर पाण्याचा मीटर.

ऋषभनं भिंतीला हात लावला. मग कान लावला.

"आण्णा," तो म्हणाला. मोठ्यानं नाही. घरात हाक मारतात तसं.

सहाव्या गाळ्यातला माणूस बाहेर आला. "काय पावणं, काय हुडकताय?"

ऋषभनं कान भिंतीवरच ठेवला.

सुष्मिताच्या हातातला फोन थरथरला. नवा अभिप्राय. पाच तारे. नुकताच लिहिलेला.

"काय लिवलंय?" ऋषभनं भिंतीला टेकूनच विचारलं.

तिनं वाचून दाखवलं. स्वतःचाच आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

*माल एक नंबर. आजोबा लई प्रेमळ. निघताना म्हणाले, हुपरीची एसटी कुठनं सुटती? म्हटलं, चला की बाहेर, दावतो. तर माझ्याकडं बघत म्हणाले, बाहेर कुठं?*